तेवीसवर जा

साडेआठला शेवटच्या रिपोर्टवर सही होते,
डॉक्टर गुप्ते शटर अर्धं ओढून जातात,
आणि भांडुपच्या या लॅबमधला मायक्रोस्कोप
दिवसभर लोकांचं रक्त बघून थकलेला
माझा होतो.

मुरंब्याची बरणी. तोंडाला जुन्या ओढणीचा तुकडा, रबरबँड.
आत अळंबी. म्हणजे होती.
आता काळा लगदा, दौत लवंडल्यासारखा,
वास ओल्या गोणपाटाचा, मागून जरासा गोड.
बारा दिवस राखलाय.
घरी ठेवू देत नाहीत, म्हणून इथे,
लघवीच्या रिकाम्या डब्यांच्या मागे.

आज सकाळी माश्या निघाल्या.
तिळाएवढ्या म्हणणार होते, पण तीळ मोठा.
राजगिऱ्याला पंख फुटावेत, तशा.
सात.
स्पिरिटमध्ये पडल्यावर एकीने पाय जवळ घेतले,
थंडी वाजल्यासारखे.
मी दुसरीकडे पाहिलं, मग पुन्हा पाहिलं.

ओळखायची किल्ली झेरॉक्सची आहे, चौथ्या पानावर चहा.
पाठीला कुबड आहे, उडायचं सोडून पळत सुटते? नऊवर जा.
नाही. तुरुतुरु चालल्या, पळाल्या नाहीत.
पाय धडाला जुळतो तिथलं पहिलं पेर लांबच लांब?
नाही.
पंखाच्या पुढच्या कडेची शीर तुटलेली?
आहे. दोनदा. दुसऱ्या तुटीपाशी काळा डाग,
बोटाला शाई लागावी तेवढाच.
डोळ्याच्या वर तीन केस, त्यातला एक पुढे झुकलेला?
थांब.
दिवा कमी कर. सुईने डोकं किंचित वळव.
आहे.

पांढऱ्या पेशी मोजून मोजून बावीस वर्षं झाली,
हाताला घाई नाही उरलेली.
पाठ काळी चकचकीत, नव्या बुटासारखी,
पोटाखाली फिकट.
मिशीला पिसारा.
तेवीसवर जा.

तेवीस: नराच्या पोटाचं टोक उघडून पाहावे.

सातही उलट्या केल्या.
सातही माद्या.
या किल्लीत तेवीसच्या पुढे बायका नाहीत.

मी एकटीच हसले, रिकाम्या खुर्च्यांसमोर.

रखमी वरठा दर महिन्याला साखर तपासायला येते,
आरेतल्या पाड्यावरून, दोन बस बदलून.
सागाच्या पानात बांधून तिनेच आणली होती ही.
म्हणाली, सगळी ताजी मागतात गं,
कुजकी मागणारी तूच पहिली.
सुई टोचताना ती हाताकडे बघत नाही, बोलत राहते.
त्या दिवशी म्हणाली,
आमची आय या माश्यांना ‘झालं’ म्हणायची.
म्हणजे?
म्हणजे अळंबीवर ‘झालं’ बसलं
की तोडायची नाही. पोरांनाही सांगायची,
बघ आधी, झालं आलंय का.

रिपोर्टात मी आयुष्यभर लिहीत आले,
नाव, वय, स्त्री की पुरुष, आकडा,
कंसात तो किती असायला हवा होता.
या चिठ्ठीला जागा नखाएवढी.
बारीक निबाने लिहिलं:
मुंबई, आरे. १९ ऑगस्ट.
कुजक्या अळंबीतून. माद्या, ७.
शोधणारी: र. वरठा.
जात:

तिथे पेन उचललं.
मग पेन्सिलीने, खोडता येईल असं, ‘झालं’.
खोडलं नाही अजून.

बरणीत एक कोश फुटायचा राहिलाय, भिंतीला चिकटून,
तपकिरी, तांदळाच्या कणीपेक्षा बारीक.
नर मागाहून निघतात म्हणे, कधी एका दिवसाने.
ओढणी ओली करून पुन्हा ताणून बांधली.

पावणेदहा.
दिवा, पंखा, शटर.
कुलपाची किल्ली
पहिल्याच फेऱ्यात लागली.